बॉनेटखालचे वजन

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडीत परके इंजिन बसवले की तिचे कूळ बुडाले, असे मानणारे शौकीन पुष्कळ आहेत. इतिहास मात्र त्यांच्या बाजूने नाही. १९५३ सालची एसी एस निघाली ती १९१९मध्ये आखलेल्या, एसीच्या स्वतःच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर. पुढे तिला ब्रिस्टलचे इंजिन मिळाले, आणि त्याचे मूळ युद्धापूर्वीच्या बीएमडब्ल्यूत होते. मग फोर्ड झेफिरचे आले, आणि १९६२मध्ये कॅरोल शेल्बीने अमेरिकन फोर्डचे व्ही८ घातले तेव्हा तिच्यातूनच कोब्रा जन्मली. म्हणजे इंजिन बदलावे का, हा वाद कारखान्यांनीच कधीचा निकालात काढला आहे. उरतो तो निवडीचा प्रश्न, आणि तिथे अश्वशक्तीच्या आधी वजन पाहावे लागते.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा एमजीबीने दिला. १,७९८ सीसीच्या या गाडीला जास्त जोर हवा म्हणून १९६७मध्ये २,९१२ सीसीचे सहा सिलिंडरचे बिडाचे इंजिन बसवून एमजीसी काढली गेली. ते इंजिन आधीच्यापेक्षा नव्वदहून अधिक किलोंनी जड होते. मावेना म्हणून पुढचे सस्पेन्शन बदलावे लागले, बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढले जाते, स्टिअरिंग जड लागते, अशी टीका झाली आणि १९६९मध्ये उत्पादन थांबले. टायरमधली हवा नीट ठेवली असती तर टीका झाली नसती, असे तिचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य असेलही, पण हवेच्या दाबाने पुढच्या चाकांवरचा भार हलका होत नाही. याउलट केन कॉस्टेलोने त्याच एमजीबीत रोव्हरचे ३,५२८ सीसीचे व्ही८ घातले. ब्यूइकने १९६१मध्ये आणलेल्या या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाचे हक्क रोव्हरने १९६५मध्ये घेतले होते. सिलिंडर दुप्पट असूनही वजन जुन्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या आसपासच, त्यामुळे गाडीचा तोल टिकला. १९७३मध्ये कारखान्यानेही हीच जोडी स्वीकारली.

ती गाडी जेमतेम २,६०० खपली, मग निवड योग्य कशी, असे कोणी विचारील. ती बाजारात आली त्याच वर्षी तेलसंकट उभे राहिले, किंमत चढी होती आणि अमेरिकेची बाजारपेठ तिला मिळालीच नाही. यातला एकही दोष इंजिनाचा नव्हे. १९९३मध्ये एमजी आरव्ही८ निघाली, तेव्हा बॉनेटखाली त्याच इंजिनाची ३.९ लिटरची आवृत्ती होती.