उंबरठ्यावरचा गेरू

दिवाळीच्या तोंडावर कशेळी-भिवंडीकडे गेरूच्या पुड्या विकायला येतात. खाडीकाठच्या उंच इमारतींतही दारापुढचा फरशीचा चौकोन आधी गेरूने रंगतो, मग त्यावर रांगोळी उठते. भिवंडी तालुक्यातल्या वारली घरांत लग्नाचा चौक लिहायचा तर भिंतीला आधी गेरू लागतो. तांदळाच्या पिठाचे पांढरे काम त्यानंतरचे. संस्कृतातल्या गैरिकावरून गेरू आला. गैरिक म्हणजे गिरीतले, डोंगरातले. मराठीत त्याला काव असेही नाव आहे. लोखंडाचा ऑक्साइड मिसळलेली ही माती. सह्याद्रीच्या कड्यांत लाव्हाच्या दोन थरांमध्ये जो तांबडा पट्टा दिसतो, त्याचा लालपणाही लोखंडाचाच. पण माणूस या मातीकडे वळला तो तिच्या उपयोगामुळे की रंगामुळे? माझे मत रंगाच्या बाजूने आहे.

उपयोगाचा पक्ष कच्चा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेतल्या दगडी पात्यांवर डिंक आणि गेरूचे अंश मिळाले. नुसता डिंक वाळला की ठिसूळ होतो, गेरू कालवला की पाते दांड्याला घट्ट बसते, हे पुरातत्त्वज्ञ लिन वॅडली यांनी प्रयोगांनी दाखवले. अंगाला फासलेला गेरू उन्हापासून वाचवतो, कातड्याच्या कामी येतो, असेही मांडले गेले आहे. हे सगळे मान्य केले तरी एक अडचण उरते: डिंकाला घट्टपणा हवा असतो, त्याला लालपणाशी काय देणेघेणे? त्याच देशातल्या पिनॅकल पॉइंटच्या गुहेत सुमारे 1,64,000 वर्षांपूर्वीच्या माणसांनी घासण्यासाठी निवडलेले तुकडे मुख्यतः गडद लाल आहेत. तिथल्याच ब्लॉम्बोस गुहेत तर सुमारे 1 लाख वर्षांपूर्वीचे दोन शिंपले सापडले. त्यांत गेरूची पूड, हाडांचा चुरा आणि कोळसा एकत्र कालवलेला होता, शेजारी वाटायचे दगड होते. त्या मिश्रणात डिंक मात्र आढळला नाही. दगड निवडायचा, वाटायचा, हाडांतली चरबी मिळवायची, सगळे एका भांड्यात कालवायचे, एवढा खटाटोप पुढचे काम आधी मनात पक्के असल्याशिवाय होत नाही. मला या साऱ्या पुराव्यात सर्वांत बोलका वाटतो तो हा शिंपलाच.

आक्षेप असा येईल की आजच्या अंगणावरून लाख वर्षांपूर्वीचे मन कसे वाचायचे? वाचता येत नाहीच. रांगोळीखालचा गेरू त्या गुहेतून अखंड चालत आला, असे म्हणायला काहीही आधार नाही. शिवाय अंगावर लावलेला रंग अंगाबरोबर मातीत जातो. उरतात फक्त घासून सपाट झालेले खडे. म्हणून तुलना परंपरेची नको, निवडीची करावी. भारतातही आंध्रातल्या ज्वालापुरम येथे, इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या राखेखाली, घासलेला लाल गेरू मिळाला आहे. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे येथे सुमारे 25,000 वर्षांपूर्वी कुणीतरी शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर आडव्यातिडव्या रेघा कोरल्या. त्यात गेरू नाही, पण पोट न भरणाऱ्या कामाला वेळ देणारी माणसे महाराष्ट्रात तेव्हा होती, एवढे त्यातून नक्की होते. आणि उपयोग व खूण यांची फारकत तरी कशाला? दारातला गेरू खरखरीत फरशी झाकतो आणि आज सण आहे हेही सांगतो. शिंपल्यातली लाल चरबी कातडीही राखत असेल. पण लांबून येणाऱ्याला ती दिसतही असेल, आणि दिसावी म्हणूनच तिच्यासाठी लाल खडा निवडला असावा, असे मला वाटते.