पिन नसलेली तार

जुन्या टीव्हीच्या मागे वाकून पाहिले, तर केबलच्या टोकाला पिन असेलच याची खात्री नसे. वरचे काळे प्लास्टिक ब्लेडने सोललेले, जाळी मागे पिळून सोडलेली आणि मधली कडक तार थेट सॉकेटच्या भोकात खुपसलेली. याला केबलवाल्याचा आळस म्हणण्याची रीत आहे. पण धंद्याचा इतिहास पाहता ही सवय टिकवली ती ॲनालॉग तंत्राच्या क्षमाशीलतेने. मुंबईत दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही, त्याचा गच्चीवर स्वतंत्र अँटेना असे. ऐंशीच्या दशकात एका व्हीसीआरवरचा सिनेमा तारेने इमारतभर पोचू लागला, 1991च्या आखाती युद्धानंतर डिश आल्या. केबलचा कायदा मात्र 1995चा. म्हणजे गच्च्यांवरून, झाडांवरून तारा ओढून झाल्यावर नियम आले. तोवर तार तोडणे, सोलणे, पुन्हा जोडणे हेच रोजचे काम होऊन बसले होते.

यावर कोणी म्हणेल, पिन स्वस्तच होती, मग ती का लावली नाही? कारण न लावल्याची शिक्षा दिसत नव्हती. केबलसाठी वापरल्या जाणाऱ्या कोॲक्सियल तारेचे पेटंट ऑलिव्हर हेविसाइडने 1880मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. या रचनेत मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून एक वाट बनते. 1950च्या दशकात अमेरिकेत केबल टीव्हीसाठी आलेल्या एफ कनेक्टरने तर वेगळी पिनच काढून टाकली. तारेचा गाभाच पिन झाला. आपल्याकडच्या उघड्या तारेतही गाभा जागेवर होता, राहिली होती ती जाळीची जोडणी. ती सुटली की सिग्नल बाहेर गळतो, बाहेरचा आत शिरतो. पडद्यावर थोड्या मुंग्या, एखादी सावली दिसायची. तार हलवली की भागायचे. गळतीचा त्रास मात्र दुसऱ्यांना व्हायचा. केबलच्या जाळ्याने अधिकृत दूरसंचार यंत्रणेत व्यत्यय आणू नये, असे 1995च्या कायद्यात वेगळे कलमच आहे.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: सेट-टॉप बॉक्सलाही उघडी तार लावून चित्र दिसतेच की! दिसते, सिग्नल जोरकस असेपर्यंत. डिजिटल यंत्रणा बारीक चुका स्वतः दुरुस्त करते, त्यामुळे बिघाड आधी लपतो. मर्यादा ओलांडली की चित्राचे चौकोन होतात, मग पडदा गोठतो. मुंग्यांसह मालिका पाहता यायची, गोठलेल्या पडद्यावर नाही. तक्रारीचा फोन लगेच जातो. मुंबईत 2012च्या अखेरीस डिजिटल केबल सक्तीची झाली, आणि तार टीव्हीऐवजी बॉक्सच्या आट्यांच्या सॉकेटला जाऊ लागली. तिथे फिरवून बसवलेल्या कनेक्टरच्या मधोमध आजही तीच उघडी तार असते. फरक इतकाच की आता जाळीही धातूच्या कड्याला घट्ट बसलेली असते.