लोकरीचा चौकोन

ज्या गोष्टी आपण वाडवडिलांच्या म्हणून मिरवतो, त्यांतील कित्येकींचे वय फार नसते. रुखवतात मांडलेला क्रोशाचा रुमाल, देवघराच्या चौकटीवरील तोरण, समईखालचे गोल आसन ही सारी आपल्या मंगलकार्यांत इतकी मुरली आहेत की ती परदेशातून आली हे सांगितले, तर घरातील वडील मंडळींस खरे वाटणार नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'लहान आकडी' एवढाच आहे. युरोपातही ही कला तशी जुनी नव्हे. तिचे छापील नमुने १८२४ च्या सुमारास हॉलंडमधील 'पेनेलोपे' या मासिकात आले. पुढे आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याच्या पिकाचा नाश होऊन दुष्काळ पडला, तेव्हा तेथील जोगिणींनी उपाशी घरांतील स्त्रियांच्या हाती हीच आकडी दिली. शोभेच्या कलेची अशा रीतीने भाकरी झाली.

आपल्याकडे ती ख्रिस्ती मिशनांच्या मार्गे आली. गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत ती रुळली. आंध्रात एकोणिसाव्या शतकात नरसापूर येथे मिशनरी स्त्रियांनी ती शिकविली. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभारले, तेथेही स्त्रियांना हस्तव्यवसाय शिकविण्याची सोय होती. हिंदू घरांत तिचा प्रवेश झाला तो असा, शाळेच्या आणि शेजारणीच्या वाटेने. सोवळ्याओवळ्याचा विचार करणाऱ्या घरांनीही तिला अडविले नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

आदिलाबादच्या मराठी भाषिकांस या कथेत एक जवळचा धागा सापडेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि नांदेडकडील मुधोळ इकडे आले. मुधोळ भागातच गोदाकाठचे बासरचे सरस्वतीक्षेत्र आहे (२०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते). बासरला दर्शन घेतलेली हीच गोदावरी पुढे वसिष्ठा या फाट्याने नरसापूरजवळ सागरास मिळते. सीमा हलल्या, सोयरिकी आणि त्यांबरोबर जाणारी रुखवते मात्र पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर राहिली.

तलम सुताचे काम उन्हाळ्याचे. परंतु आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. पौषात पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा जाड लोकरीचा चौकोन उपयोगी पडतो. पाश्चात्त्य लोक त्यास 'आजीचा चौकोन' म्हणतात. अमेरिकेतील 'प्रेअरी फार्मर' या शेतकी पत्रात १८८५ साली अशा चौकोनांचा नमुना छापला होता. आपली गोधडी ज्या काटकसरीतून जन्मली, त्याच काटकसरीचे हे अपत्य होय: उरलेल्या गुंड्यांचे तुकडे वाया जाऊ द्यावयाचे नाहीत.

कृती सोपी आहे. सुमारे ८ मिलिमीटर जाडीची सुई घ्यावी. चार साखळ्यांचे कडे करून त्यात तीन-तीन खांबांचे चार गट घालावे व प्रत्येक गटानंतर दोन साखळ्या सोडाव्या. हेच चार कोपरे. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गट, मधे पुन्हा दोन साखळ्या. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. दर फेरीस बारांची भर पडते, म्हणून चौकोन सपाट राहतो. कोपऱ्यातील साखळ्या विसरल्या की तो वाटीसारखा वळतो. जाड लोकरीत तीन-चार फेऱ्यांतच वीतभर पसारा होतो, त्यामुळे नवशिक्या मुलीचा धीर सुटत नाही.

आता थोडे कटू. विणण्याची यंत्रे पुष्कळ निघाली, पण क्रोशाची जागा घेणारे यंत्र कारखान्यांत आजही रुळलेले नाही. बाजारातला प्रत्येक खरा क्रोशा कोणा तरी बाईच्या बोटांनी विणलेला असतो. नरसापूरच्या विणकरणींचा अभ्यास जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केला. माल परदेशी जाई, नफा व्यापारी पुरुषांकडे राही, आणि विणणाऱ्या स्त्रिया 'घरी बसणाऱ्या गृहिणी' म्हणून गणल्या जात. त्यांचे श्रम फावल्या वेळचे ठरत. २०२४ साली नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले. मजुरीचा हिशेब निराळा आहे. आपल्या घरांतही सून रात्री जागून चादर पुरी करते आणि पाहुणे 'किती हौस आहे हो!' म्हणतात. ती चादर विकावयाची ठरली, तर लोकरीच्या किमतीवर बोटांचे किती तास लावावयाचे, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी कधी मोजले असेल.