पाच टक्क्यांचा हिशेब

झिजलेली मशीन दुरुस्त करावी की सोडून द्यावी, या प्रश्नाचं आकड्यात दिलेलं एक उत्तर आपल्या इतिहासात आहे. ते दिलं होतं चरखा संघाने.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! अटी मात्र कडक होत्या. चरखा हलका हवा, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावा, बाईमाणसाला आठ तास काम करूनही फार थकवा येऊ नये, आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी. मला सगळ्यात आवडते ती शेवटची अट. वेळोवेळी देखभाल केली तर चरखा निदान वीस वर्षं चालला पाहिजे, आणि झिजलेले भाग बदलायचा वर्षाचा खर्च यंत्राच्या त्या वेळच्या किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. दीडशेचे पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये. गांधीजी यंत्राच्या विरोधात होते असं सर्रास म्हटलं जातं. पण यंत्राच्या म्हातारपणाचा विचार त्याच्या जन्माआधीच करणारी ही माणसं होती. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी.

योगायोग असा की त्याच १९२९ साली तिकडे जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी पेट्रोलवर चालणारी झाडं कापायची मशीन काढली. ती इतकी जड होती की धरायला दोन माणसं लागत. एका माणसाला पेलेल अशी मशीन यायला १९५० साल उजाडलं.

तिचीच एक दूरची नात आमच्या शेतात आहे. धुऱ्यावरच्या बाभळी छाटायला आणि वादळात पडलेलं झाड तोडायला पुतण्याने सात वर्षांपूर्वी ती घेतली. आता ती सुरू होता होत नाही, झाली तर लाकडात दम तोडते. मिस्त्रीने उघडून दाखवलं. सिलिंडरला आतून ओरखडे, पिस्टनची रिंग झिजलेली, पट्टी आणि साखळीही संपलेली. खर्च पाच हजार. तशीच नवी मशीन आज चौदा हजारांना पडते.

पुतण्या म्हणाला, "काका, पाच हजारात काम होते, तर चौदा कायले घालाचे?" वरवर पटण्यासारखं होतं. मग मी चरखा संघाचं माप लावलं. चौदा हजारांचे पाच टक्के सातशे. म्हणजे हे पाच हजार वसूल व्हायला मशीन सात वर्षं दुसरा पैसाही न मागता चालायला हवी. मिस्त्री फार तर तीन वर्षांची हमी देतो.

दुसरी बाजूही आहे. इथून तीसेक किलोमीटरवर वर्ध्याला, मगनवाडीत, कुमारप्पा ग्रामोद्योगाचं काम पाहत. पैसा जातो कुठे, हा प्रश्न ते नेहमी विचारत. दुरुस्तीची निदान मजुरी तरी गावातल्या मिस्त्रीच्या घरात जाते, नव्या मशीनचे पैसे मात्र बाहेर जातात. याचं वजन मला कमी वाटत नाही.

पण मूळ अट रोज आठ तास राबणाऱ्या यंत्रासाठी होती. आमची मशीन वर्षाला जेमतेम बारा दिवस चालते. शेजारच्या गावात एक जण हेच काम रोजीने करतो. त्याच्या हातात मशीन रोज राबते, म्हणून तिची दुरुस्ती त्याला परवडते. शिवाय रोजीचे पैसेही इथेच राहतात.

तेव्हा ठरलं ते असं. दुरुस्ती नाही, नवीन घेणंही नाही. जुनी मशीन सुट्या भागांसाठी मिस्त्रीला द्यायची. कार्ब्युरेटर आणि क्लच अजून धड आहेत, ते दुसऱ्या कुणाची मशीन जगवतील. पुतण्या थोडा हिरमुसला आहे, कारण स्वतःची मशीन दारात असणं ही वेगळीच ऐट असते.

१९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. कधी आलात तर तिथले चरखे जरूर पाहा. आणि घरात मिक्सर, पंप, शिलाई मशीन कुरकुरू लागली, तर हा पाच टक्क्यांचा हिशेब एकदा मांडून बघा. काय निघालं ते मला कळवा.