मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधि

मुंबईहून लंडन किती दूर, असा प्रश्न केल्यास भूगोलाचें पुस्तक मैलांत उत्तर देईल. उतारू मात्र तें दिवसांत किंवा तासांत देईल. श्रोत्यांच्या घरीं पृथ्वीचा गोल असल्यास त्यांनीं या दोन शहरांमध्यें दोरा ताणून पाहावा. तें अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार हजार मैल भरतें. दोऱ्यास राज्यांच्या सीमा आडव्या येत नाहींत, विमानास येतात.

३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज या कंपनीनें लंडन–कराची सेवा सुरू केली. भाडें १३० पौंड आणि प्रवास सात दिवसांचा. याला विमानप्रवास म्हणावें, तर त्यांतील एक टप्पा चक्क आगगाडीचा होता! क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढें अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारें विमान, आणि ईजिप्तहून गाझा, बगदाद, बसरा करीत कराचीपर्यंत पुन्हां जमिनीवरचें विमान. तरीही आगबोटीस सुमारें दोन आठवडे लागत, त्या मानानें हा अवधि निम्मा होता. पुढें इराणनें आपल्या किनाऱ्यावरून जाण्याची परवानगी काढून घेतल्यामुळें १९३२ सालीं हा मार्ग आखाताच्या अरबी बाजूस, शारजाकडे, वळवावा लागला.

परंतु कराची म्हणजे मुंबई नव्हे. मधला दुवा जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जोडला. एका इंजिनाच्या लहानशा पस मॉथ विमानांतून टपाल घेऊन ते कराचीहून निघाले व अहमदाबादेस थांबून जुहूस उतरले. अहमदाबादेस विमानाचें पेट्रोल बैलगाडीनें आलें होतें! विसाव्या शतकाच्या वाहनास असा पुरातन वाहनाचा आधार लागावा, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या देशांतील बहुतेक नव्या गोष्टी अशाच चालू झाल्या.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गें लंडनला निघालें, आणि हा प्रवास दिवसांऐवजीं तासांत मोजला जाऊं लागला. त्याची किंमतही द्यावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजीं हेंच विमान जिनिव्हाकडे जातांना माँ ब्लां पर्वतावर आदळलें व आंतील अठ्ठेचाळीसही माणसें प्राणास मुकलीं. उतारूंपैकीं बहुतेक भारतीय खलाशी होते. ज्यांचें पोट समुद्रावर, ते जहाज गांठण्यासाठीं आकाशमार्गें निघाले होते.

१९६० सालीं एअर इंडियाचीं जेट विमानें आलीं. आज मध्यें न थांबतां हा प्रवास नऊदहा तासांत होतो. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वाऱ्यांमुळें जातांना वेळ अधिक, येतांना कमी. राज्यांचे नकार मात्र चालूच राहिले. २०२२ सालीं युद्धामुळें युक्रेनचें आकाश बंद झालें. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें भारतीय विमानांस मज्जाव केला, तेव्हां मुंबईहून पश्चिमेकडे निघणाऱ्या आपल्या विमानांनीं अरबी समुद्र ओलांडून आखाताची वाट धरली. म्हणजे जवळपास १९३२ सालची शारजाचीच.