भारनियमनातला वायरमन
दाभोळचा वीजप्रकल्प 2001 मध्ये बंद पडला, 2005 मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाले आणि त्याच सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन रोजचेच झाले. तेव्हा घरोघरी आलेल्या इन्व्हर्टर-जनरेटरचे श्रेय कंपन्यांना दिले जाते. माझ्या मते ते गावच्या वायरमनचे आहे. यंत्र विकत मिळे, पण जुन्या वायरिंगमधून दिवे-पंख्यांची वेगळी लाइन काढणे, गिझर वगळणे, चेंजओव्हर स्विच बसवणे हे त्याच्याच हातचे काम. तो स्विच नसेल तर जनरेटरची वीज उलटी तारांत शिरते आणि पुरवठा बंद समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते. बिनपरवाना हातांना हे काम द्यावेच का, हा आक्षेप रास्त आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनाही परवानाधारक ठेकेदारच हवा होता. पण अंधारातल्या घराला हाकेच्या अंतरावरचाच माणूस गाठता येई.