कराची–मुंबई : अंतर आणि उड्डाणकाल

दोन नगरांमधील अंतर हा भूगोलाचा विषय व ते तोडण्यास लागणारा वेळ हा यंत्रविद्येचा, अशी सामान्य समजूत आहे. वाहतुकीचे इतिहास बहुधा याच समजुतीवर रचलेले असतात. यंत्र सुधारले की काल घटला, एवढाच त्यांचा निष्कर्ष. कराची व मुंबई या दोन बंदरांचा वृत्तांत मात्र या चौकटीत बसत नाही.

या दोहोंमधील सरळ हवाई अंतर सुमारे ५५० मैल आहे. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत असे. कराचीच्या जुन्या सरकारी शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, ते याच संबंधाची खूण होय. असे असूनही लोहमार्गाने सरळ जाण्याची सोय नव्हती. मध्ये कच्छचे रण पसरलेले. त्यामुळे उतारूस अहमदाबाद, मारवाड, जोधपूर व सिंधमधील हैदराबाद असा मोठा वळसा घ्यावा लागे. एकाच इलाख्यातील या दोन शहरांना आगबोटच अधिक जवळची होती.

१९२९ साली लंडन–कराची विमानटपाल सुरू झाले आणि हा वळसा अधिकच खुपू लागला. विलायतेचे पत्र हवेतून कराचीस येई व पुढे रेल्वेत रेंगाळे. टाटांच्या टपालसेवेचे प्रयोजन हेच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी ‘पस मॉथ’ विमानातून कराचीच्या ड्रिग रोड तळावरून निघाले व दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहूस उतरले. तेथून पुढे मद्रासकडे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. या सव्वासात तासांना सरसकट उड्डाणकाल म्हणणे बरोबर नाही. मार्ग अहमदाबादवरून असल्याने अंतर साडेसहाशे मैलांच्या घरात गेले होते, आणि तेथे इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणले गेले. पावसाळ्यात तर जुहूची धावपट्टी चिखलात बुडे, तेव्हा विमाने पुण्यास उतरवावी लागत. वेगाचा हिशेब मांडताना बैल आणि पाऊस यांना वगळून चालत नाही!

पुढे जेट विमाने आली व हेच अंतर दीड तासाच्या आसपास आले. परंतु १९४७ नंतर मधली रेषा आंतरराष्ट्रीय सीमा झाली होती. १९६५ च्या युद्धात हवाई संबंध तुटले. १९७१ नंतर ते १९७६ पर्यंत बंद राहिले. २००२ च्या आरंभापासून आणखी दोन वर्षे तसेच झाले. मधल्या अनुकूल काळात, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या धाटणीच्या विमानातून त्याच मार्गाने पुन्हा उड्डाण केले. ते जितके वैमानिकाच्या हिमतीचे, तितकेच दोन सरकारांच्या संमतीचे होते.

२०२५ च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. सरळ सेवा नसेल तेव्हा उतारू बहुधा दुबईमार्गे जातो. कराची–दुबई व दुबई–मुंबई मिळून हा प्रवास सुमारे १,९०० मैलांचा, म्हणजे सरळ अंतराच्या जवळजवळ साडेतीनपट होतो. नुसते उड्डाणच पाच तासांच्या आसपास जाते. त्यात दुबईच्या तळावरील खोळंबा मिळविला की १९३२ चे सव्वासात तास बहुधा मागे पडतात.